नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, वरच्या खोलीत व्हिडिओ कॉल तुटतो. काय करावं?

वाडा_महाल:
नमस्कार मंडळी. आमचं घर जुनं, दुमजली, जाड भिंतींचं. राउटर खाली बैठकीत, खिडकीशी. माझी कामाची खोली वर, मागच्या बाजूला. संध्याकाळी परदेशातल्या टीमसोबत रोज कॉल असतो. माझा आवाज तुटतो, चित्र थिजतं, कधी कॉलच बंद पडतो. यूट्यूब मात्र छान चालतं, हेच कोडं आहे. प्लॅन १०० एमबीपीएसचा. नेटवाले म्हणतात ३०० चा घ्या, शेजारी म्हणतात रिपीटर लावा. एप्रिलपासून त्रास फार वाढलाय. पैसे खर्च करेन, पण योग्य जागी लागावेत.

बर्डीकर:
ताई, प्लॅन वाढवू नका. एचडी कॉलला जायला-यायला प्रत्येकी तीन-चार एमबीपीएस पुरतात. यूट्यूब पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतं, म्हणून मध्ये दोन सेकंद सिग्नल गेला तरी कळत नाही. कॉलमध्ये साठवायला काही नसतं, बोललेलं त्याच क्षणी पोचावं लागतं.

आधी दोष घरात आहे की बाहेरच्या लाइनीत, ते पाहा. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा, आणि कॉलभर चालू ठेवा. पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावा. राउटरचं उत्तर एरवी काही मिलिसेकंदांत येतं. तेच शेकड्यांत उड्या मारत असेल किंवा येतच नसेल, तर गडबड तुमच्या वायफायची. राउटर शांत आणि फक्त दुसरं बिघडत असेल, तर लाइनची तक्रार करा. हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका, कळकळीनं सांगतो.

मानेवाडा_भाऊ:
ताई, राउटरच्या बाजूला कूलर आहे काय जी? एप्रिलपासून म्हणता म्हणून विचारून राहिलो. पत्र्याचा मोठा कूलर, पोटात पाणी, तिन्ही बाजूंनी ओला वाळा. वायफायच्या लहरी पत्र्यावर आपटून परततात नि पाण्यात जिरतात. नागपुरात अर्ध्या घरांत राउटर नि कूलर एकाच खिडकीत असतात, कारण तार तिथूनच आत येते. नेटवाल्याला पाच मीटर तार जास्त द्यायला सांगा, राउटर जिन्याजवळच्या भिंतीवर उंच लावा. लोखंडी कपाट नि फ्रिजपासूनही दूर. पण माळ्यावर स्लॅबखाली नका ठेवू बाप्पा, मे महिन्यात ४५ अंशांत स्लॅबची धग लागून राउटर तापते.

वाडा_महाल:
भाऊ, कूलर अगदी चिकटून आहे! आणि बर्डीकर, पिंग लावून पाहिलं. राउटरचंच उत्तर मध्येमध्ये गायब होतंय, खाली बैठकीत बसले की ठीक. म्हणजे लाइन चांगली आहे. ५ गिगाहर्ट्झचं वेगळं नाव दिसतं, पण वर ते एकच काडी दाखवतं. मग रिपीटर घेऊ की मेश, म्हणजे दोन-तीन डब्यांचं मिळून एकच वायफाय?

तारखाते_निवृत्त:
बेटा, ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर दमतं. २.४ लांब जातं, पण महालात घराला घर लागून, सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलतात. त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल म्हणून १, ६, ११ हे तीनच वापरतात, आणि मायक्रोवेव्हही तिथेच गोंगाट करतो. साधा रिपीटर तीच कमजोर लहर ऐकून त्याच पट्ट्यात पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. बिनतारी मेशलाही तुझ्या भिंती ओलांडाव्याच लागतील.

माझं स्पष्ट मत, तार ओढ. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत निर्धास्त चालते. दुकानात शुद्ध तांब्याची माग. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त पडते, पण वाकवताना तुटते. जिन्याच्या कडेने पट्टीतून आतूनच वर ने. बाहेरून नेलीस तर साधं आवरण आपल्या उन्हात तडकतं, शिवाय पावसाळ्यात विजेची भीती. वर केबल थेट लॅपटॉपला लाव. फोनलाही वायफाय हवं असेल तर घरातला जुना राउटर वर ठेव. त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम, बंद कर, त्याला वेगळा पत्ता दे आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाल, बाहेरचं नेट आत घेणाऱ्या वॅन पोर्टमध्ये नको.

मानेवाडा_भाऊ:
काकांचं बरोबर आहे. अजून एक, कॉलच्या वेळी घरातल्या कोणाच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढत असतील तर ते थांबवा. अपलोडची वाट तुंबली की पहिले आवाजच तुटते.

वाडा_महाल:
केबलच टाकते, आणि राउटर उद्याच हलवते. लाइट गेली की नेट जातं, त्यासाठी मिनी यूपीएस घ्यावा का?

बर्डीकर:
घ्या. अडॅप्टरवर काय लिहिलंय ते आधी वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल, म्हणून दोन आउटपुटचा घ्या. वरचा जुना राउटर बंद पडला तरी चालेल, तुमचा लॅपटॉप थेट खालच्या राउटरच्या तारेला लावा.