मदत हवी आहे: कुबरनेटिस, स्वॉर्म की नोमॅड? उद्या सकाळपर्यंत ठरवायचंय

गंगापूररोडी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. आमचं ॲप डॉकर कंपोजवर, म्हणजे एका फाइलमधून सगळे कंटेनर (प्रत्येक सर्व्हिसचा वेगळा बंद डबा) उठवणाऱ्या टूलवर, चालतंय आणि सीझन सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी ते कंटेनर आपोआप पडतात, परत उठतात, परत पडतात, आणि मधल्या वेळात क्लायंटचे फोन. सर म्हणतात आता कुबरनेटिसवर जायलाच पाहिजे, ते कंटेनर आपोआप सांभाळतं म्हणे. मी वाचत बसलोय तर त्याच कामाला कोणी म्हणतं स्वॉर्म सोपा, कोणी म्हणतं स्वॉर्म संपला, कोणी नोमॅड, कोणी के३एस म्हणजे छोटं कुबरनेटिस, डोकं बधिर झालंय. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनीच सांगा कोणतं घ्यायचं. डॉक्युमेंटेशन वाचा असं सांगू नका, वाचलंय. उद्या सकाळी मीटिंग आहे, प्लीज लवकर.

टर्मिनल ताई
कसलं ॲप, कसला सीझन, किती सर्व्हर, रॅम किती, "पडतात" म्हणजे लॉगमध्ये काय येतं? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

गंगापूररोडी
वेब ॲप आहे नेहमीसारखं. सीझन द्राक्षाचा, पॅकहाऊसवाले वापरतात. सर्व्हर क्लाउडवर आहे. प्रश्न टूल कोणतं घ्यायचं एवढाच आहे.

क्लस्टरभाऊ
डोळे झाकून कुबरनेटिस घ्या. गुगलने २०१४ मध्ये ओपन सोर्स केलं, त्यांच्या आतल्या बोर्ग सिस्टीमच्या अनुभवावर बांधलंय, पॉड (कंटेनरचा गट) पडला तर दुसरा उभा राहतो, लोड वाढला की संख्या वाढते, तुमची झोप मोडत नाही. आणि उद्या पुण्यात इंटरव्ह्यू दिला तर पहिला प्रश्न हाच असतो, स्वॉर्म येतं का असं कोणी विचारत नाही. मॅनेज्ड, म्हणजे क्लाउडवाल्यांनीच चालवलेलं, घेतलं तर कंट्रोल प्लेनची (क्लस्टर चालवणाऱ्या भागाची) कटकटही नाही.

जुना ॲडमिन
भाऊ, झोप मोडत नाही हे तुम्ही सांगताय, जरा खर्चाचं पण सांगा की. ॲमेझॉनच्या ईकेएसला (त्यांचं मॅनेज्ड कुबरनेटिस) नुसत्या कंट्रोल प्लेनचे तासाला १० सेंट, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलर, नोडचे म्हणजे मशीनचे पैसे वेगळे, लोड बॅलन्सरचे वेगळे. आणि वर्षाला ३ व्हर्जन येतात, एका व्हर्जनला साधारण १४ महिने सपोर्ट, म्हणजे दरवर्षी अपग्रेड आलाच. नाशकातल्या पाच-दहा माणसांच्या कंपनीत ते कोण करणार, जो सकाळी क्लायंटला ट्रेनिंग द्यायला पिंपळगावला जातो तोच ना?

गंगापूररोडी, तुम्ही स्वॉर्म घ्या. डॉकरमध्येच आहे, वेगळं काही बसवायचं नाही. कंपोजची फाइल थोडी बदलून तशीच चालते.

क्लस्टरभाऊ
स्वॉर्म मेलाय हो. कोणत्या जमान्यात आहात.

जुना ॲडमिन
मेला तो जुना, वेगळा बसवावा लागायचा तो. २०१६ मध्ये डॉकर १.१२ बरोबर इंजिनातच जो स्वॉर्म मोड आला तो आजही इंजिनात आहे. २०१९ मध्ये मिरँटिसने डॉकर एंटरप्राइझ घेतलं तेव्हापासून दरवर्षी याची तेराव्याची पंगत बसते आणि माझे क्लायंट तिकडे निवांत त्यावरच चालतात.

सिन्नरफाटा
काय भो, नोमॅडचं नावच कोणी घेईना. एकच बायनरी, सर्व्हर पण तीच आणि क्लायंट पण तीच. आणि सगळ्यात भारी म्हणजे कंटेनर नसलेलं पण चालवतं, साधी जावाची जार फाइल द्या, चालवेल. एकदा वापरा, परत कुबरनेटिसची यामल फाइल बघावीशी वाटणार नाही.

क्लस्टरभाऊ
नोमॅडचं लायसन्स २०२३ मध्ये बदललं, आता ओपन सोर्स म्हणता येत नाही. आणि ते बनवणारी हॅशिकॉर्प आता आयबीएमची आहे. घ्या बिनधास्त.

सिन्नरफाटा
तुम्ही काय स्वतःची नोमॅड सेवा विकायला बसणार आहे का लोकांना? नाही ना. मग त्या लायसन्सने तुमचं काय अडतं.

पॉडमनप्रेमी
मूळ मुद्दा कोणीच घेत नाहीये. डॉकर डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांना फुकट नाही, २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरपेक्षा जास्त उलाढाल असली की पैसे लागतात. डॉकरऐवजी पॉडमन वापरा, कंटेनरच चालवतं. मागे डीमन (सतत चालणारा प्रोग्राम) नाही, रूटचे अधिकार लागत नाहीत, आणि ४.४ पासून क्वाडलेट आलंय, सिस्टीमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस सांभाळतं ते) युनिटसारखी फाइल लिहायची की झालं.

गंगापूररोडी
आम्ही नऊ जण आहोत अंबडला एका गाळ्यात, १ कोटी डॉलर कुठून आणू. आणि सर्व्हर लिनक्स आहे, डेस्कटॉपचा संबंधच नाही. मला एका ओळीत उत्तर हवं होतं.

टर्मिनल ताई
एका ओळीत उत्तर हवं तर प्रश्न तरी नीट लिहा. डॉकर पीएस ला सगळे दाखवायचा पर्याय लावून चालवा आणि पडलेल्या कंटेनरसमोर एक्झिट कोड काय येतोय तो इथे टाका. मशीन किती आहेत आणि रॅम किती, तेही.

मखमलाबादकर
ताई बरोबर बोलतायत. बाय द वे गंगापूररोडी, द्राक्षाला काय भाव चाललाय सध्या? तुमच्याकडे पॅकहाऊसवाले आहेत म्हणून विचारतो, आमचा प्लॉट अजून पंधरा दिवस आहे.

गंगापूररोडी
भावाचं मला माहीत नाही हो, आम्ही फक्त सॉफ्टवेअर देतो.

ताई, एक्झिट कोड १३७. एकच सर्व्हर आहे, ८ जीबी, उबुंटू २२.०४. त्याच्यावर सहा जावा सर्व्हिस, पोस्टग्रेस डेटाबेस, रेडिस कॅश आणि एनजिनक्स वेब सर्व्हर. प्रत्येक सर्व्हिसला ५१२ एमबीची लिमिट लावलेली आहे, म्हणजे मेमरीचा प्रश्न नाही, ते आधीच केलंय. आणि सगळ्या नाही पडत, पॅकिंग लिस्ट आणि रिपोर्टची आहे तीच जास्त.

टर्मिनल ताई
मेमरीचाच आहे. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, बाहेरून किल सिग्नल आलाय. डॉकर इन्स्पेक्टमध्ये ओओएमकिल्ड (मेमरी संपली म्हणून मारलं) समोर ट्रू दिसतंय का ते बघा, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) जावाचं नाव येतंय का. कंटेनर ज्यातून उठतो ती इमेज कोणती आहे?

गंगापूररोडी
हो, ट्रू आहे. इमेज ओपनजेडीके ८, सुरुवातीपासून तीच.

टर्मिनल ताई
मग आता नीट वाचा, कारण यातलं काहीच कुबरनेटिसने सुटणार नाही.

उबुंटू २२.०४ वर सीग्रुपची, म्हणजे कर्नल ज्यातून मेमरीची लिमिट लावतो त्याची, दुसरी आवृत्ती चालू असते. कंटेनरला लावलेली लिमिट जावाला या सीग्रुपमधूनच कळते. पण जावा ८ ला दुसरी आवृत्ती वाचता यायला लागली ती अपडेट ३७२ पासून. तुमची ओपनजेडीकेची इमेज २०२२ मध्येच अधिकृतपणे बंद केलीय, ती त्याच्या आधीचीच आहे. म्हणजे तुमच्या जावाला ५१२ दिसतच नाही, तिला अख्खं मशीन दिसतं, ८ जीबी. आणि वेगळं काही सांगितलं नाही तर ती दिसलेल्या मेमरीच्या एक चतुर्थांशपर्यंत हीप (प्रोग्रामचा डेटा ठेवायची जागा) वाढवते, म्हणजे २ जीबी. दिवसभर काम कमी, हीप लहान, काही होत नाही. संध्याकाळी सगळी पॅकहाऊस एकदम पॅकिंग लिस्ट काढायला बसतात, हीप ५१२ च्या वर जायला बघते आणि कर्नल प्रोसेस मारून टाकतो. जावाच्या लॉगमध्ये एक ओळ उमटत नाही कारण तिला बोलायला वेळच मिळत नाही. तुम्हाला वाटतं "आपोआप पडतं".

करायचं काय, तर इमेज बदला, एक्लिप्स टेमुरिनची जावा ८ घ्या. पण नुसती इमेज बदलून थांबू नका. मग तिला ५१२ दिसेल आणि ती त्याच्या एक चतुर्थांश म्हणजे १२८ एमबी हीप धरेल, आणि आज जी गुपचूप मरते ती उद्या आउट ऑफ मेमरी ओरडत बसेल. मॅक्सरॅमपर्सेंटेज, म्हणजे लिमिटचे किती टक्के हीपला, ६० ते ७० ठेवा. १०० करू नका, हीपच्या बाहेर मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक वगैरेला जागा लागते. रिपोर्टच्या सर्व्हिसची लिमिट १ जीबी करा, ८ मध्ये आरामात बसतंय.

क्लस्टरभाऊ
पण कुबरनेटिसमध्ये रिक्वेस्ट आणि लिमिट व्यवस्थित लावता येतात, तिथे हे आधीच लक्षात आलं असतं.

टर्मिनल ताई
तिथेही १३७ च आलं असतं. फक्त पाटी बदलली असती, आधी ओओएमकिल्ड आणि मागोमाग क्रॅशलूपबॅकऑफ (परत परत पडतंय म्हणून थांबून उठवतोय).

जुना ॲडमिन
ताईंना मानलं. गंगापूररोडी, तेवढ्यात अजून एक बघा, कंपोजमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट बाहेर काढलाय का? यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) लावलंय म्हणून निवांत असाल तर राहू नका. डॉकर स्वतः आयपीटेबल्समध्ये (कर्नलच्या फायरवॉलमध्ये) नियम घालतं, यूएफडब्ल्यूला विचारतसुद्धा नाही. यूएफडब्ल्यू म्हणेल बंद, आणि बाहेरून पोर्ट सताड उघडा. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त हेच मशीन) लिहा नाहीतर ती ओळच काढा, आतल्या नेटवर्कवर सर्व्हिसना नावाने सापडतंच. आणि लॉगला मॅक्ससाइझ लावा, जेसनफाइल ड्रायव्हर आपणहून काही कापत नाही, डिस्क भरेपर्यंत लिहीत राहतं.

गंगापूररोडी
५४३२ उघडा होता. बंद केला.

पांडवलेणी
इतक्या लोकांना यातलं कळतं हे बघून बरं वाटलं, एखाद्या रविवारी भेटू या का सगळे? मिसळ खात बोलू.

मखमलाबादकर
आमच्याकडे या, मळ्यातली मिसळ, पापड, दही, वर जिलेबी.

सिन्नरफाटा
जिलेबी बरोबर मिसळ म्हणजे पर्यटकांसाठी आहे भो ते. खरी मिसळ गावात, बाकावर बसून.

मखमलाबादकर
पर्यटक नाही, आख्खं नाशिक येतं रविवारी, पार्किंगला जागा नसते.

टर्मिनल ताई
मिसळीसाठी वेगळा धागा काढा रे.

गंगापूररोडी
अपडेट. इमेज बदलली, पर्सेंटेज ६५ ठेवलं, रिपोर्टला १ जीबी दिलं. काल संध्याकाळी एकही कंटेनर पडला नाही, डॉकर स्टॅट्स उघडून बसलो होतो. ताई, मनापासून धन्यवाद.

आता दुसरा भाग. नवीन व्हर्जन टाकताना काही सेकंद साइट बंद होते, ते दिवसा चालत नाही. आणि सरांनी दुसरा सर्व्हर घ्यायची परवानगी दिलीय. आता तरी सांगा, दोन सर्व्हरवर कोणतं?

जुना ॲडमिन
व्हर्जन टाकताना बंद होऊ नये एवढ्यासाठी दुसरा सर्व्हरही नको. आहे त्या एका मशीनवर स्वॉर्म सुरू करा आणि अपडेट कॉन्फिगमध्ये ऑर्डर स्टार्टफर्स्ट लिहा, आधी नवा कंटेनर उभा राहतो, मग जुना जातो. हेल्थचेक (सर्व्हिस तयार आहे का ते तपासणं) मात्र हवाच, नाहीतर जावा पूर्ण उठायच्या आत जुना बंद करेल. तेवढा वेळ दोन्ही चालणार, त्यांची रॅम धरून ठेवा. फाइलमध्ये तीन गोष्टी बदलतात: बिल्डची ओळ चालत नाही, इमेज आधी बनवून ठेवावी लागते, आणि मशीन एकापेक्षा जास्त झाली की रजिस्ट्रीत (इमेज ठेवायच्या सर्व्हरवर) टाकावी लागते. तुम्ही लावलेली मेमलिमिट चालत नाही, ती डिप्लॉयखाली रिसोर्सेसमध्ये लिहायची, ही विसरलात तर परत पहिल्या पानावर. आणि डिपेंड्सऑनचा क्रम तो पाळत नाही, डेटाबेस यायच्या आधी सर्व्हिस उठली तर तिने परत प्रयत्न करायला हवा.

टर्मिनल ताई
आणि दोन सर्व्हर घेतले तर दोघांना मॅनेजर (क्लस्टरचे निर्णय घेणारं मशीन) करू नका. बहुमत लागतं, दोनाचं बहुमत दोनच, म्हणजे एक बंद पडला की दुसराही नवीन काही ठरवू शकत नाही. एकापेक्षा वाईट. मॅनेजर एक ठेवा नाहीतर तीन. कुबरनेटिसच्या ईटीसीडीलाही (क्लस्टरची माहिती साठवतो तो भाग) हाच हिशोब, तिथे गेलात म्हणून सुटत नाही. माझं मत विचाराल तर दुसरं मशीन पोस्टग्रेसला द्या, साधं, क्लस्टरच्या बाहेर. डॉकरचा लोकल व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) ज्या मशीनवर आहे तिथेच राहतो, स्वॉर्मने डेटाबेस दुसऱ्या नोडवर हलवला तर तिथे रिकामा डेटाबेस उठेल आणि सीझनमध्ये तुम्हाला घाम फुटेल.

क्लस्टरभाऊ
एवढं तर मी पण मान्य करतो. पण पुढच्या सीझनला दहा सर्व्हर झाले तर?

जुना ॲडमिन
तर पुढच्या सीझनला नवीन धागा.

गंगापूररोडी
पटलं. पण एक अडचण आहे. सरांनी एका मोठ्या एक्स्पोर्टरला "आम्ही कुबरनेटिसवर जातोय" असं मेलवर सांगून टाकलंय. प्रेझेंटेशनमध्ये स्लाइड पण आहे. आता मी स्वॉर्म म्हणालो तर?

सिन्नरफाटा
हाहा, हे खरं कारण होतं तर.

टर्मिनल ताई
मग दुसऱ्या मशीनवर के३एस टाका आणि फक्त टेस्टचं वातावरण तिथे चालवा. प्रमाणित कुबरनेटिसच आहे ते, एकच बायनरी, एका सर्व्हरवर ईटीसीडीऐवजी एसक्यूलाइटवर चालतं. स्लाइड खोटी ठरत नाही, तुम्ही शिकता, आणि सीझन संपेपर्यंत प्रॉडक्शनला हात लावायचा नाही. पोस्टग्रेस मग पहिल्याच मशीनवर राहू द्या, त्याच नोडला बांधून, म्हणजे स्वॉर्म त्याला हलवणार नाही. फक्त एक, के३एस बरोबर ट्रॅफिक नावाचा प्रॉक्सी येतो आणि तो ८० आणि ४४३ घेऊन बसतो. त्याच मशीनवर एनजिनक्स ठेवणार असाल तर बसवतानाच ट्रॅफिक बंद करा, नाहीतर परत इथे याल, पोर्ट आधीच वापरात आहे म्हणून.

गंगापूररोडी
हे जमेल. सरांना असंच सांगतो, एप्रिलनंतर बघू म्हणून.

द्वारकासर्कल
धाग्यातच विचारतो, रागावू नका. आमच्या ऑफिसातलं टॅली डॉकरमध्ये टाकता येईल का? विंडोज ७ आहे. अर्जंट आहे.

टर्मिनल ताई
नवीन धागा काढा. आणि त्यात रॅम किती ते लिहा.