भाऊ टँकरवर आहे, वाड्यावरच्या ग्रुपवर युद्धाचे व्हिडिओ येतात, खरं कसं ओळखायचं?

मये_डिचोली
माझा धाकटा भाऊ टँकरवर आहे, अमिरातीतलं फुजैरा आणि आखातातली बंदरं अशा फेऱ्या असतात. तिकडे जरा काही झालं की आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर पेटलेल्या जहाजांचे व्हिडिओ सुरू, आणि आई ते सगळे बघत बसते, जेवायला उठत नाही. मी ग्रुपवर एवढंच विचारलं की हा व्हिडिओ कधीचा आणि कुठला, तर एक काका म्हणाले तुला देशाच्या बाजूने बोलायला जड जातं का, दुसऱ्यांनी मला थेट एका पक्षात टाकलं, मग इराण, इस्रायल, ट्रम्प, मोदी, म्हादई सगळं एकात एक, आणि व्हिडिओ राहिला बाजूलाच. मला कुणाशी वाद घालायचा नाहीय. माझा माणूस त्या पाण्यात आहे म्हणून विचारते, बातमी कुठे बघायची आणि कशावर भरवसा ठेवायचा? टीव्हीवर ठेवायचा का?

जुना_बोसन
बाय, आधी आईच्या हातातला मोबाईल घे. मी अनेक वर्षं टँकरवर काढलीत म्हणून सांगतो. १७ जून २०२५ ला, इस्रायल-इराण युद्ध चालू असताना, फ्रंट ईगल आणि अडॅलिन हे दोन टँकर ओमानच्या आखातात एकमेकांवर आदळले आणि आग लागली. सोशल मीडियावर लगेच इराणने टँकर उडवले म्हणून सुरू. प्रत्यक्षात ती टक्कर होती. अमिरातीच्या कोस्टगार्डनं अडॅलिनवरच्या २४ जणांना उतरवून खोर फक्कानला आणलं, अँब्रे ही सागरी सुरक्षेची कंपनी त्याच दिवशी म्हणाली की हा हल्ला नाही, आणि अमिरातीनं पुढे सांगितलं की एका जहाजाचा दिशेचा अंदाज चुकला. आग खरी होती, व्हिडिओ पण खरा, खाली लिहिलेलं तेवढं खोटं. असलं पकडायला सगळ्यात कठीण.

दुसरं म्हणजे, ट्रॅकिंगच्या साईटवर भावाचं जहाज बघत बसत असाल तर त्या दिवसांत होर्मुझच्या पट्ट्यात जीपीएस जाम केलं जात होतं, शेकडो जहाजांची जागा चुकीची दिसत होती, काही तर जमिनीवर. त्यावरून घाबरू नका. यूकेएमटीओ म्हणून ब्रिटिश नौदलाचं ऑफिस आहे, ते त्या भागातून त्यांना कळवलेल्या घटनांची छोटी सूचना काढतात, वेळ आणि जागेसकट. ठाऊक नसेल तर तपास चालू आहे एवढंच लिहितात, भाषण नाही. ते वाचायची सवय लाव.

फोंडा_तिस्क
थोडं वेगळं मत. युद्धाच्या वेळी सैन्य आणि सरकार सांगेल तेवढंच धरावं, बाकी प्रश्न नंतर. २६/११ ला टीव्हीवर कमांडोंची कारवाई लाइव्ह दाखवत होते आणि पाकिस्तानात बसलेले ते बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. म्हणूनच पहलगामनंतर २६ एप्रिल २०२५ ला सरकारने चॅनेलना सांगितलं की सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका. प्रत्येकाने ग्रुपवर पुरावा मागायला सुरुवात केली तर लोकांचं मनोधैर्य जातं, त्या काकांचा राग मला कळतो.

वास्को_बायणा
दादा, लाइव्ह दाखवू नका हे शंभर टक्के मान्य, आम्ही दाबोळीच्या नेव्हीच्या विमानांखाली राहतो, आम्हाला कुणी शिकवायला नको. पण ताईने सैन्याचं गुपित विचारलं का? व्हिडिओ कधीचा एवढंच विचारलं.

आणि सरकार वेगळं, चॅनेल वेगळं, हे दोन आपण एकच धरतो तिथे सगळा घोळ होतो. २०२५ च्या भारत-पाक लढाईतली ८ मेची रात्र आठवा, चॅनेलवर कराची बंदर उद्ध्वस्त, विक्रांतने हल्ला केला, अँकर उभे राहून ओरडत होते. आमच्या बिल्डिंगमध्ये नेव्हीवाल्यांची कुटुंबं आहेत, त्या बायकांची रात्र कशी गेली असेल विचार करा. कराची म्हणून फिरलेला एक व्हिडिओ अमेरिकेत फिलाडेल्फियाला जानेवारीत पडलेल्या विमानाचा निघाला. ११ मेला नौदलाने स्वतः पत्रकार परिषदेत काय सांगितलं, की आम्ही उत्तर अरबी समुद्रात तैनात होतो आणि कराचीसकट ठरवू तिथे मारा करायच्या तयारीत होतो. तयारीत होतो, मारला म्हणाले नाहीत. म्हणजे सैन्याचं ऐकणाराच त्या रात्री शहाणा ठरला, चॅनेलवाला नाही. गुजरातमध्ये हजिरा बंदरावर हल्ला म्हणून फिरलं ते पण सरकारच्याच माहिती कार्यालयाने, पीआयबीने खोडलं, तो २०२१ चा तेलाच्या टँकरचा व्हिडिओ होता.

पण सरकार सगळं लगेच सांगतं असंही नाही. आपली विमानं पडली हे तेव्हाचे सीडीएस, म्हणजे तिन्ही दलांचे प्रमुख, चौहान साहेबांनी ३१ मेला सिंगापूरमध्ये मुलाखतीत मान्य केलं, तोवर जो कोणी विचारत होता तो देशद्रोही. सरकारी माहिती मी आधी वाचतो, पण ती उशिरा आणि अर्धी येऊ शकते हे धरून वाचतो. आणि गोव्यातल्या माणसाने तरी सरकार सांगेल तेवढंच असं म्हणू नये हो, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरखाली पेपर असताना १९५५ ते १९६१ लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई जंगलातून चोरून रेडिओ चालवत होते, लोक दारं लावून ऐकायचे, ते कशासाठी?

फोंडा_तिस्क
चॅनेलच्या बाबतीत मान्य, कराचीची रात्र मी पण बघितली आणि चीडच आली. पण सीडीएसनी उशिरा सांगितलं ते बरोबरच केलं असं मी म्हणेन, लढाई चालू असताना आपलं नुकसान शत्रूला मोजून का द्यायचं.

म्हापसा_पीसीवाला
रात्री मिसाईल पाडतानाचे जे व्हिडिओ येतात ना त्यातले कितीतरी आर्मा ३ या गेमचे असतात. गेम बनवणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये स्वतः लिहून खुणा सांगितल्या, चित्र अगदी धूसर, कॅमेरा मुद्दाम हलवलेला, बहुतेक रात्रच, आवाज नाही आणि हलणारी माणसं नाहीत. मी हा गेम खेळतो म्हणून मला बघताच कळतं. बाकीच्या व्हिडिओंसाठी एका फ्रेमचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सला टाका, जुना असेल तर बऱ्याचदा तिथेच सापडतो. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दोन बाण असतील तर तो पाठवणाऱ्याने स्वतः काढलेला नाही हे नक्की.

मये_डिचोली
सगळ्यांचे आभार. वास्कोच्या दादांचं नौदलाचं उदाहरण काकांना दाखवते, ते माजी सैनिक आहेत, चॅनेलपेक्षा नौदलाचं नक्की ऐकतील. बोसनकाका, एक राहिलं, खरंच काही झालं तर आम्हाला कळवतं कोण?

जुना_बोसन
करारात नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे जवळचा नातेवाईक, म्हणून ज्याचं नाव असतं त्याला कंपनी किंवा मुंबईचा एजंट फोन करतो. बहुतेक पोरं आईचं नाव घालतात आणि नंबर जुनाच राहतो. भावाला सांग, आईसोबत तुझाही नंबर घाल आणि जहाजाचा आयएमओ नंबर (प्रत्येक जहाजाचा वेगळा, न बदलणारा ओळख क्रमांक), एजंटचा फोन पाठवून ठेव. एजंट उचलत नसेल तर डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक कार्यालयाचा कक्ष चोवीस तास चालू असतो, आयएमओ नंबर सांगितलास की त्यांना जहाज लगेच सापडतं, नुसत्या नावाने घोळ होतो, एकाच नावाची बरीच जहाजं असतात.