लिपी आणि लालिबेला

इथिओपियाची ओळख करून देणाऱ्या एका लेखात अडवाची लढाई आली, हे छानच. १ मार्च १८९६ला तिथला सम्राट दुसरा मेनेलिक याच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. पण त्या लेखातलं 'हा देश कधीच परक्यांच्या ताब्यात गेला नाही' हे वाक्य थोडं सुधारायला हवं: १९३६ ते १९४१ तिथे इटलीचाच अंमल होता.

मला भर घालायची आहे ती लिपीबद्दल. इथिओपियातली अम्हारिक भाषा गीझ लिपीत लिहितात आणि तिची रचना पाहून मी अक्षरशः हरखलो. आपल्या बाराखडीसारखंच, मूळ अक्षराचा आकार स्वरानुसार बदलतो. फक्त रूपं सात: साधारण ल, लु, ली, ला, ले, ल्, लो. आफ्रिकेत रोमन किंवा अरबी लिपीच असणार, असं समजणाऱ्यांनी ही अक्षरं एकदा जरूर पाहावीत.

दुसरं म्हणजे इथिओपियातलं लालिबेला हे गाव. तिथली अकरा चर्च खडकात कोरलेली आहेत. त्यांतलं क्रुसाच्या आकाराचं बेत गियोर्गिस तर जमिनीच्या पातळीपासून खाली कोरत नेलंय, अगदी वेरूळच्या कैलासासारखं 'आधी कळस, मग पाया'. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, तरी वेरूळ पाहिलेल्या माणसाला ही मेहनत लगेच कळेल.

खरा संबंध वेरूळशेजारीच, खुलदाबादला आहे. निजामशाही सांभाळणाऱ्या मलिक अंबरची कबर तिथे आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा मूळचा याच इथिओपियाचा.