रोज 200 क्रंच मारूनही पोटाचे कट दिसत नाहीत, चुकतंय कुठे?

पहाटेचा_अजिंक्यतारा (सातारा)
पुरुष, वय 29, उंची 172 सेमी, वजन 74 किलो, बेंबीपाशी घेर 89 सेमी. आठवड्यातले चार दिवस जिम, बाकी दिवस पहाटे अजिंक्यतारा. रोज 200 क्रंच. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी भडंग. गोड बंद, कंदी पेढासुद्धा नाही. तरी दोन महिने काटा हललेला नाही. अंडी चालतात, मटण-चिकन नाही. नेमकं काय बदलू?

वजनकाटा
क्रंचने पोटाचा स्नायू वाढतो, त्याच्यावरची चरबी काही तिथल्या तिथे जळत नाही. ती अंगभर उतरते, आणि पुरुषांची बेंबीखालची बहुधा सगळ्यात शेवटी. दोन महिने वजन जागेवर, म्हणजे खर्च होतंय तेवढंच खाल्लं जातंय. तुमचा खर्च अंदाजे 2300 कॅलरी धरा आणि 1900 वर या.

गोड बंद केलंत ते चांगलंच, पण गळती तेल-शेंगदाण्यांत आहे. भडंगच बघा: 40 ग्रॅम चुरमुऱ्यांच्या 150, 30 ग्रॅम शेंगदाण्यांच्या 170 आणि मोठा चमचाभर तेलाच्या 125. झाल्या साडेचारशे! जी तूट काढायची ती सगळी एका वाटीत गेली.

फोडणीचं तेल रोज मोजणं घरात जमत नाही. त्याऐवजी एक लिटरची पिशवी फोडली की तारीख लिहून ठेवा. चार माणसांत ती सहा दिवसांत संपली, तर माणशी रोज साधारण 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. तेवढीच पिशवी दहा दिवस पुरवली तर माणशी 200 वर येतात, आणि आमटीची चव फारशी बिघडत नाही.

भाकरीचं पीठ कोरडं तोला, मटकी भिजवायच्या आधी. मोड आलेल्या मटकीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. शिजलेलं तोलून कच्च्याचे आकडे लावले की हिशोब फसतो, आणि ही चूक फार जण करतात.

कृष्णाकाठ (सांगली)
वरच्या हिशोबात प्रोटीन जपा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही उतरतो आणि हात-पाय बारीक, पोट मात्र तसंच अशी गत होते. किलोमागे 1.6 ग्रॅम धरलं तर तुम्हाला 118 लागेल. नुसत्या उसळ-भाकरीवर एवढं होत नाही. दिवसभरात असं बसवता येईल: 3 अख्खी अंडी आणि 4 पांढरे (32), कोरड्या सोया वड्या 50 ग्रॅम (26), मटकी 60 ग्रॅम (14), भाकरीचं पीठ 180 ग्रॅम (18), साय काढलेल्या दुधाचं दही 300 ग्रॅम (10), तसलंच दूध पेलाभर (8), पनीर 50 ग्रॅम (9). तेल आणि भाज्या धरून हे 1900 च्या आत बसतं. सोया वड्या उकळून घट्ट पिळा आणि मग रश्शात टाका, म्हणजे उग्र वास जातो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

तालीम_ते_जिम
200 क्रंच थांबवा. आठवड्यातून तीनदा केबल क्रंच (मशीनची वजन लावलेली दोरी खाली ओढत मारायचे क्रंच), 10 ते 15 चे तीन सेट, जमेल तसं वजन वाढवत. लटकून पाय उचलताना बहुतेक जण झोका घेतात; मग काम मांडीच्या सांध्याचं होतं, पोटाचं नाही. कंबर खालून वर वळली पाहिजे. स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंगची वजनं कमी करू नका. तीच झपाट्याने घसरायला लागली तर तूट जास्त झाली असं समजा.

चरबी सध्या 20 टक्क्यांच्या आसपास असेल तर 12 टक्क्यांना वजन 67 च्या जवळ येतं, आणि साधारण तिथेच रेघा उमटतात. आठवड्याला अर्धा किलो म्हटलं तर साडेतीन महिने. वजन रोज सकाळी शौचानंतर करा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. पापड-लोणचं जास्त झालं की पाणी धरून किलोभर चढतं आणि एक-दोन दिवसांत उतरतं, त्यावरून जेवण कापू नका. टेप आठवड्यातून एकदाच, श्वास सोडून, बेंबीवरून. सरासरी आणि घेर दोन्ही तीन आठवडे हललं नाही, तरच आणखी 100-150 कॅलरी कमी करा.

घाम काढणाऱ्या पट्ट्याने फक्त पाणी जातं. कट चार दिसणार की सहा हे स्नायूवरच्या आडव्या तंतुमय पट्ट्यांच्या जन्मजात ठेवणीवर आहे, ते व्यायामाने बदलत नाही.

पहाटेचा_अजिंक्यतारा
तेलाच्या पिशवीवर आजची तारीख लिहिली. गड चढून आलेल्या दिवशी दोनशे-तीनशे कॅलरी जास्त खाल्ल्या तर चालतील का?

वजनकाटा
नाही. 2300 मध्ये गडाची चढाई धरलेलीच आहे, ती पुन्हा मोजू नका.