'बाहेरचे' नेमके कोणाला म्हणायचे?

बेळगावजवळच्या मच्छे-पिरनवाडी या गावांची लोकसंख्या वाढली ती 'सगळी बाहेरच्या लोकांची', असं म्हटलं जातं; ते मला पटलं नाही. जनगणनेत स्थलांतरित म्हणजे आधी दुसऱ्या गावी राहिलेला माणूस. म्हणजे खानापूर तालुक्यातून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कामाला येऊन मच्छेत घर बांधणारा स्थलांतरित, आणि चंदगडहून लग्न होऊन आलेली सूनबाईसुद्धा! देशभरात बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्नच आहे. स्थलांतरितांचा आकडा दाखवून 'परप्रांतीय वाढले' म्हणायचं, हे काही खरं नव्हे.

दुसरं, २०११ च्या जनगणनेत मच्छे, पिरनवाडी, हिंडलगा, कंग्राळी बुद्रुक ही 'जनगणना शहरं' होती, म्हणजे नगरपालिका नसूनही शहर म्हणून मोजलेली गावं. निकष असे: लोकसंख्या किमान ५०००, दर चौ. किमी.ला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. हा तिसरा निकष बघा. शेतं प्लॉटिंगमध्ये गेली, पोरं कारखान्यात लागली, की बाहेरून कोणी न येताही गाव 'शहर' होतं.

भाषेचा टक्का मात्र जनगणनेच्या गावनिहाय आकड्यांवरून काढू नका. गावनिहाय प्राथमिक तक्त्यात साक्षरता, अनुसूचित जाती-जमाती, कामगार असे आकडे असतात, मातृभाषा नसते. २०११ च्या बेळगाव जिल्ह्याच्या ४७,७९,६६१ लोकसंख्येत मराठी मातृभाषा असलेले साधारण १९ टक्के, पण त्यात अथणी, गोकाक, सौंदत्ती असे कन्नडबहुल तालुकेही आले. तो टक्का मच्छेला लावणाऱ्याला काय म्हणावं? आणि २०२१ ची गणना झालीच नाही, तेव्हा 'ताजे आकडे' म्हणून फिरणारे मेसेज कुठून येतात ते पाठवणाऱ्यालाच विचारा.