प्रतिसाद: एनी-एनी नको, आतला पत्ता टाका

महापेच्या ऑफिसातल्या ज्युनिपर एसआरएक्स फायरवॉलवर डेस्टिनेशन नॅट (पब्लिक आयपीवर आलेलं पॅकेट आतल्या सर्व्हरच्या पत्त्याकडे वळवणं) लावूनही बाहेरून वेब सर्व्हर उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय; त्यावर वर एकांनी 'एनी-एनी परमिट करून टाका', म्हणजे कुठूनही कुठेही सगळं जाऊ द्या, असं सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. सगळा डीएमझेड (बाहेरून वापरायचे सर्व्हर ठेवलेला नेटवर्कचा वेगळा भाग) इंटरनेटला मोकळा होईल.

एसआरएक्समध्ये आधी डेस्टिनेशन नॅट होतो, मग राउट बघून झोन (पॅकेट नेटवर्कच्या कुठल्या भागात जाणार ते) ठरतो, त्यानंतर पॉलिसी (काय जाऊ द्यायचं याचा नियम) तपासली जाते; सोर्स नॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं) त्याच्याही नंतर. म्हणून पॉलिसीत पब्लिक आयपी चालत नाही, सर्व्हरचा आतला पत्ताच लागतो: अनट्रस्ट (इंटरनेटकडचा झोन) ते डीएमझेड, डेस्टिनेशन १९२.१६८.१०.२०. बाहेर ४४३ आणि आत ८४४३ असेल तर पोर्टही ८४४३ च, तेव्हा जुनॉस-एचटीटीपीएस (पोर्ट ४४३ साठीचं तयार अ‍ॅप्लिकेशन) घेऊन भागणार नाही, वेगळं अ‍ॅप्लिकेशन बनवावं लागेल. पालो आल्टोवर (दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलवर) हात बसलेले इथे हमखास अडकतात, कारण तिथे पॉलिसीत झोन नॅटनंतरचा पण पत्ता नॅटच्या आधीचा, मूळचा लागतो.

आणि तो पब्लिक आयपी इंटरफेसचा स्वतःचा नसून त्याच सबनेटमधला दुसरा असेल, तर प्रॉक्सी एआरपी (त्या पत्त्याची विचारणा आली की फायरवॉलने 'माझ्याकडे पाठवा' असं उत्तर देणं) लावलंय का तेही बघा. नसेल तर पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचतच नाही आणि आपण उगाच पॉलिसी उकरत बसतो. नॅट रूलचे हिट्स (तो किती वेळा लागू झाला) वाढतायत का, ते बघून इथे कळवा.