सगळं मालूम आहे म्हणणाऱ्यांत राहून शिकत कसं राहायचं?

आर्णीरोडचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा इकडचा-तिकडचा आहे, सांभाळून घ्या. कृषी पदविका करून तालुक्याच्या एका कृषी केंद्रात काऊंटरवर आहो, चार-पाच वर्षं झाले. काम येते. कास्तकार पऱ्हाटीचं (कापसाच्या झाडाचं) पान तोडून आणते, मी पाहतो, औषध सांगतो, बिल फाडतो, चला पुढचा. पण आजकाल असं वाटून राहिलं का कंपनीचा माणूस सांगून जाते तेच मी पुढे ढकलून राहिलो, माझं स्वतःचं डोकं काही चालूनच नाही राहिलं. परवा एका बाबानं विचारलं, "बावा, हे औषध अळीच्या पोटात जाऊन मारते का अंगाले लागून?" लाइनीतले दोघं-तिघं हसले, म्हणे बाबा तुम्हाले काय करा लागते, अळी मेली म्हणजे झालं. मालक म्हणे लवकर आटप. पण प्रश्न त एक नंबर होता न!

अन् आमच्या गावात नवीन काही म्हटलं का दोनच टोकं. एक त "आमच्या बापजाद्यानं असंच केलं", नाही त युट्यूबवर पाहिलं का लगेच उडी. एकानं इमू पाळले होते, पक्षी गेले पण लोकं त्याले अजून इमूभाऊच म्हणते. त मले इमूभाऊ पण नाही व्हायचं अन् "सगळं मालूम"वाला पण नाही. नवीन शिकत राहायची सवय नेमकी लावायची कशी? पुस्तकी सल्ला नको.

धुऱ्यावरचा_काका:
पोट्ट्या, बाबाले उत्तर दिलं का नाही ते सांगितलंच नाही तू. काही औषधं अंगाले लागून मारते, काही पोटात गेल्यावर, काही झाडाच्या रसात भिनते, हे तुले शिकवलं असन. आता पुढचा प्रश्न आपणच काढ. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली का फुलात नाही त बोंडात शिरते, मागचा छेद बुजून जाते, मग वरून फवारलेलं तिले लागन कसं? म्हणजे औषध किती जहाल आहे त्याहून ती बाहेर कधी असते हे पाहा लागते. निघाला का नाही एकातून दुसरा? याले काही क्लास नाही लागत.

दुसरं. बीटी म्हणजे ज्या पऱ्हाटीच्या झाडातच बोंडअळीले मारणारं विष असते ते बियाणं. त्याच्या 450 ग्रॅमच्या थैलीसंग 120 ग्रॅमची बिगर बीटीची पुडी यायची, पाहिली असन तू. आमच्या शिवारात बहुतेकायनं फेकून देल्ली. ती कायले देते हे ना कास्तकारानं इचारलं ना दुकानदारानं सांगितलं. वावराच्या चारी कडेनं लावायची होती ते, तिच्यावर साध्या अळ्या वाढल्या पाहिजे, त्याइचे पतंग बीटी पचवणाऱ्या पतंगाइसंग जुळले का पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरण्यासारखी निघते, असा हिशोब होता. बीटी आलं 2002 मध्ये, 2017 मध्ये बोंडअळीनं आख्ख्या विदर्भात बोंडं पोखरली. फक्त पुडीपायी झालं असं नाही म्हणत, फरदडीचंही पाप आहे, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली म्हणजे अळीले पंगत चालूच. आता ते बिगर बीटी थैलीतच मिसळून येते, म्हणजे इचारायचं कामच संपवलं, हाहा.

नागभीडकर:
काकांनी बियाण्याचं काढलंच आहे तर आमच्याकडचं सांगतो. नांदेड म्हणजे मराठवाड्यातलं नाही, आमच्या नागभीड तालुक्यातलं छोटं गाव, तिथले दादाजी खोब्रागडे. तिसरीपर्यंत शाळा, जमीन दीड एकर. 1983 मध्ये पटेल 3 धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबा वेगळ्या दिसल्या, पिवळट. आपण काय केलं असतं, कापून बाकीच्यात टाकल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पुढच्या साली वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, असं काही वर्षं चाललं आणि त्यातून एचएमटी धान निघाला. तेव्हा एचएमटी घड्याळाचा जमाना होता म्हणून ते नाव. आज लग्नात एचएमटीचा भात नसेल तर पाहुणे नाक मुरडतात. यात मला भारी काय वाटते तर त्यांनी आख्खी बांधी डावावर नाही लावली, मूठभर दाणे लावून पाहिले. तुझ्या इमूभाऊंनी इथेच घोळ केला बघ, दोन पक्षी आणून पाहायचे होते.

वर्धा_लाइन:
सगळं ठीक आहे भाऊ, पण दादाजींची हलाखी शेवटपर्यंत सुटली नाही हेही सांगा न. 2018 मध्ये गेले तेव्हा काय परिस्थिती होती पेपरमध्ये आलं होतं सगळं. कुतूहल-बितूहल ठीक, दुकानात मालक पगार देते तो बिल फाडायचा, प्रश्न विचारायचा नाही. अन् हे "शिकत राहा" सांगणारे अर्धे लोकं कोर्स विकणारेच असते. माझं म्हणणं, शिका पण ज्यातून चार पैसे सुटतील तेच. बाकी रात्री मोबाईलवर पाहायला काय, सगळं जग आहे, सकाळी आठवते का काही?

धानोऱ्याची_ताई:
वर्धावाल्या दादांचं मोबाईलचं पटलं. पैशाचं अर्धंच पटलं, कारण कशातून पैसे सुटतील हे आधी कुठे माहीत असते.

आमच्या गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे, ऐकलं असेल, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं. 2009 मध्ये जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, सगळ्यांना त्या जंगलातला बांबूच आठवतो. पण त्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचा अभ्यास गट आहे, ते कोणी सांगत नाही. ग्रामसभा वेगळी, अभ्यास गट वेगळा. गटात फक्त विषय समजून घ्यायचा, ज्याला यायचं त्यानं यावं, बाहेरचा जाणकार असला तर त्यालाही बसवायचं, आणि निर्णय तिथे घ्यायचाच नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. निर्णय घ्यायचा नाही म्हटलं की कोणाला जिंकायचं नसते, मग माणूस "मले नाही समजलं" असं मोकळं बोलतो, हसणारेही गप होतात. मी आशाताई म्हणून काम करते, आमच्या मीटिंगमध्ये रजिस्टर भरणं झालं की सगळ्या उठतात, तर आम्ही चौघी जणी थांबतो आणि त्या महिन्यात जे समजलं नाही तेवढंच एकमेकींना विचारतो. कधी पंधरा मिनिटं, कधी चहा संपेपर्यंत. जे आम्हाला कोणालाच येत नाही ते पुढच्या वेळी सिस्टरला. भाऊ, तुमच्या काऊंटरवर गर्दीत हे जमणार नाही, दुकान बंद झाल्यावर त्या बाबांना बोलवा, खरंच.

आर्णीरोडचा_पोट्टा:
ताई लय भारी. काका, बाबाले त्या दिवशी उत्तर नाही देता आलं गर्दीत, आता फोन करतो, नंबर बिलावर आहे.

वर्धा_लाइन भाऊ तुमचंही खरं आहे, मालकाले पटन असंच काही करा लागन. असं डोक्यात आलं का घरच्या वावरात एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावतो, रोज सकाळी पतंग मोजतो अन् दुकानातल्या फळीवर खडूनं आकडा लिहितो. सलग तीन दिवस सापळ्यात रोजचे आठ-आठ पतंग आले का फवारा, असं शिफारशीत आहे. आतापर्यंत आम्ही शेजाऱ्यानं फवारलं का फवारतो. लोकं आकडा पाहाले येतील त मालकही काही बोलणार नाही, गिऱ्हाईक आहे न शेवटी. फक्त आकड्यावर भरोसा ठेवायचा किती?

धुऱ्यावरचा_काका:
एकट्या आकड्यावर नाही. एकरभर फिरून वीस हिरवे बोंडं तोड, कुठले बी, चांगलेच पाहून नाही. फोडून पाह्य. दोनात अळी निघाली का समज दहा टक्के झालं, तिथं फवारा लागते. हे बोंडं दुकानातच फोड, लोकायच्या समोर. वरून साजरं दिसणाऱ्या बोंडात आतून कवडी सडलेली निघाली का मालकही वाकून पाहते.

आर्णीरोडचा_पोट्टा:
हे जमते. अन् ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, किती दिवसांनी बदलायचा?

धुऱ्यावरचा_काका:
पाकिटावर लिहिलं असते, वाचत जा न बाप्पा. साधारण तीन-चार आठवड्यांनी. अन् खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटलेल्या हातानं नको लावू, हात धुऊन लाव.